शकूवहिनींचे पाहुणे

मागच्या दिवाळीत नातीने मला मोबाईलवर एक बाई दाखवली. बाई खुर्चीत डोळे मिटून बसलेली, तिच्या तोंडून दुसराच कोणीतरी बोलतोय, आणि समोरचे लोक एकमेकांना विचारतायत, याचा अर्थ काय, याचा अर्थ काय. नात म्हणाली, "आजोबा, तुम्हाला कळतंय?" मी म्हटलं, मला विचारू नकोस. आमच्या भिंतीपलीकडे शकूवहिनींकडे पाहुणे यायचे, त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही. या बाईच्या बोलण्याचा कुठून लागणार?

नात मोबाईल घेऊन गेली, मी मात्र वहिनींपाशीच अडकलो. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नव्हे. पण शकूवहिनींबद्दल आजही बडोद्यात दोन तऱ्हेने बोलतात. काही म्हणतात, बाई देवमाणूस होती. काही म्हणतात, नाटकी होती. या दोन्ही मंडळींनी त्यांच्या भिंतीला भिंत लावून संसार केलेला नाही. मी केलाय. म्हणून लिहितो, कोणाला पटो न पटो.

गुजरात वेगळं होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. मी आणि साळवी प्रतापनगरच्या वर्कशॉपात डब्यांच्या दुरुस्तीवर, एकाच पाळीत, आणि राहायलाही रेल्वे क्वार्टरमध्ये शेजारी शेजारी. शकूवहिनी म्हणजे साळवीची बायको. ठेंगण्या, अंगाने भरलेल्या, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. बोलणं आम्हा बडोदेकरांचं असतं तसंच, मराठीत गुजराती कालवलेलं. खिडकीला बारी म्हणणार, भाजीला शाक म्हणणार, आणि मी फार वाद घातला की म्हणणार, "भाऊ, हवे बस करा ने!" हवे म्हणजे आता.

या बाईच्या तोंडून रविवारी दुपारी दुसरंच कोणी बोलायचं.

कोण, ते वहिनी कधी सांगत नसत. लोक महाराज म्हणत, स्वामी म्हणत. वहिनी फक्त 'पाहुणे' म्हणायच्या. "मी त्यांना बघितलेलं नाही. ते येतात तेव्हा मी घरात नसते. न बघितलेल्या माणसाला महाराज कसं म्हणू? घरी येतो तो पाहुणा." एकाने विचारलं, असले लोक गुरुवारी येतात, तुमचे रविवारी का? वहिनी म्हणाल्या, "गुरुवारी साळवींची ड्यूटी असते. दार कोण उघडणार?"

पाहुणे यायच्या आधी वहिनी चष्मा काढून साळवीच्या सदऱ्याच्या खिशात ठेवत. "माझा नंबर त्यांना चालत नाही," म्हणायच्या. साळवी तो खिसा सांभाळत बाहेर पायरीवर जाऊन बसायचा आणि सायकलच्या चेनला तेल घालायचा. मी विचारलं, आत का नाही बसत? तर म्हणे, "गणपत, ती स्वतः रोज बोलते तेच मला कळत नाही. पाहुण्यांचं काय कळणार?" पाहुणे गेले की वहिनींचा हात आधी चष्मा शोधायचा. हात चाचपडायला लागला की लोकांनी समजायचं, झालं, आता चहा.

घरात एका माणसाला हे सगळं खपत नव्हतं. तो त्यांचा एकुलता एक मुलगा, सुरेश. नंदेसरीला केमिकल कंपनीत लागला होता. रविवारी माणसं जमायला लागली की सायकल काढून निघून जायचा, ती गेल्याशिवाय परतायचा नाही. आईशी भांडत नव्हता. नुसतं तिच्याकडे बघत नव्हता.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो भांडायलाच. लोकांच्या चपला आमच्या दारापर्यंत पसरायच्या. त्या उचलायला सांगावं म्हणून गेलो, तर आत सगळे चिडीचूप. वहिनी भिंतीला टेकून बसलेल्या, डोळे मिटलेले, समोर समई. आणि मला न बघता त्यांचं तोंड बोललं, "दाराशी कोण? उभे का?"

आवाज त्यांचाच होता. पण बोलायची ढब त्यांची नव्हती. मी म्हटलं, "चपला उचला." कोणी हसलंही नाही. सगळे मला बसायच्या खुणा करू लागले. मला कोणी खुणेने बसवलेलं चालत नाही, त्यामुळे मी बसलो नाही. पण निघून गेलो असतो तर घाबरलो असं झालं असतं, म्हणून गेलोही नाही. चौकटीला टेकून उभा राहिलो. पुढे ती माझी जागाच झाली. भक्त नाही म्हणून बसायचं नाही आणि शेजारी आहे म्हणून जायचं नाही, असा मी किती रविवार त्या दारात उभा राहिलो कोण जाणे.

पाहुण्यांचं बोलणं असं की ऐकताना वाटावं कळलं, आणि चपला घालेपर्यंत काही हाताला लागू नये. त्याचा अर्थ वहिनी सांगायच्या. आता ही गंमत बघा. ज्या तोंडाने पाहुणे बोलले त्याच तोंडाने वहिनी विचारणार, "काय म्हणाले?" ज्याने सवाल विचारला त्याने ते शब्द जसेच्या तसे त्यांना सांगायचे. मग त्या चहा गाळता गाळता एकच गोष्ट विचारायच्या, "ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं?" जे आलं तोच अर्थ. दुसऱ्याने मध्ये तोंड घालायचं नाही.

आमच्याच लाईनीतल्या कोकिलाबेन मुलीच्या लग्नाचं विचारायला आल्या. एक स्थळ सुरतचं, मोठ्या घरचं, दुसरं नडियादचं, साधं. पाहुणे म्हणाले, "उंची बघू नये. पायरी बघावी." मी मनात म्हटलं, झालं, आता ही बाई गवंड्याला विचारणार. वहिनींनी त्यांचं ते विचारलं, डोळ्यांपुढे काय आलं?

"मने तो नडियादनो ओटलो देखायो," कोकिलाबेन म्हणाल्या. नडियादचा ओटा. मुलाची आई तिथे तांदूळ निवडत बसली होती आणि यांना बघून तिने सूप उचलून शेजारी जागा केली होती.

"आणि सुरतच्यांनी?"

"सोफा पर बेसाड्यां." सोफ्यावर बसवलं.

"मग मला काय विचारता?" वहिनी म्हणाल्या. मुलगी नडियादला गेली आणि सुखात राहिली. आता हे पाहुण्यांनी सांगितलं, वहिनींनी सांगितलं, की कोकिलाबेननीच स्वतःला सांगितलं? मी तेव्हा साळवीला हे विचारलं होतं. तो म्हणाला, "चेन बघ, किती मस्त फिरतेय."

वर्कशॉपातल्या एका क्लार्कने बढतीचं विचारलं. पाहुणे म्हणाले, "लवकर." याने आनंदाच्या भरात अख्ख्या खात्याला भावनगरी गाठिया खिलवला आणि नंतर वर्षानुवर्षं त्याच टेबलावर बसून राहिला. भांडायला आला तेव्हा वहिनी शांतपणे म्हणाल्या, "अहो, त्यांच्याकडे घड्याळ कुठाय? त्यांचं लवकर तुमच्या लवकरला कसं जुळेल?" तो गेल्यावर मी म्हटलं, वहिनी, हे बरं आहे, पाहुणे कधी चुकतच नाहीत. त्या म्हणाल्या, "चुकत असतील. माझ्या घरी येतात म्हणून शहाणेच असतील असं थोडंच आहे?" अशा बाईला नाटकी म्हणावं तर पंचाईत, नाही म्हणावं तरी पंचाईत.

मग फतेगंजहून एक प्रोफेसर आले. भाषेचे जाणकार. सोबत टेपरेकॉर्डर. त्यांनी पाहुण्यांचं बोलणं टेपवर घेतलं आणि दोन रविवार कान लावून ऐकलं. मग म्हणाले, या बोलण्यात एक गुजराती शब्द नाही. हे जुन्या सरदार-दरकदारांच्या दिवाणखान्यातलं मराठी आहे. यावे, बसावे, आपण, आम्ही. "बाई, तुम्ही असं मराठी कुठे ऐकलंत?"

वहिनींनी लपवलं नाही. "माझा बाप एका सरदारांकडे दाराशी असायचा. लहान असताना मी त्याच्यासाठी भाकरी घेऊन जायची. ती मोठी माणसं असंच बोलायची. आलेल्याला यावे, बसावे."

प्रोफेसर खूश. त्यांना कोडं सुटलं. "म्हणजे ते तुमच्या मनात राहिलं आणि आता बाहेर येतं."

"असेल," वहिनी म्हणाल्या. "पण माझ्या बापाला 'बसावे' म्हणालेलं मी ऐकलं नाही. तो मरेपर्यंत उभाच होता."

प्रोफेसरांनी चष्मा पुसला. मग त्यांनी टेप लावायला हात पुढे केला, म्हणाले तुम्हीच ऐका, पाहुणे कसे बोलतात ते. वहिनींनी वरून पदर टाकून ते मशीनच झाकलं. म्हणाल्या, "नको. दाराशी उभं राहायचं, पण आतलं ऐकायचं नाही, असं बापाने शिकवलंय. मी घरात नसताना झालेलं बोलणं मी ऐकणार नाही." प्रोफेसर पुष्कळ समजावत राहिले, वहिनींनी पदर काढला नाही. हट्टीपणात मला गाठणारं माणूस त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं.

मग ते सुरेशचं झालं. त्याला एक मुलगी सांगून आली होती, त्यालाही पसंत होती. मुलीकडच्यांना कोणीतरी रविवारचं सांगितलं आणि त्यांनी नकार कळवला. वर कंपनीत पोरं त्याला 'भूवीनो छोकरो' म्हणायला लागली. भूवी म्हणजे जिच्या अंगात येतं ती. त्या संध्याकाळी भिंतीपलीकडून त्याचा आवाज आमच्याकडे स्पष्ट आला. "पाहुणे ठेव नाहीतर मला ठेव!"

"अरे, मी त्यांना बोलावत नाही," वहिनी म्हणत होत्या. "बंद करता आलं असतं तर कधीच केलं नसतं का?"

"मग मी तरी कशाला राहू?"

वळकटी सायकलला बांधून तो नंदेसरीकडे खोली घेऊन राहायला गेला. साळवी दोनदा जाऊन आला. दोन्ही वेळा सुरेशने बापाला चहा पाजला आणि आईचं नाव काढू दिलं नाही.

वहिनी रविवारी बसत राहिल्या. लोकांच्या मुली, बढत्या, कोर्टकचेऱ्या मार्गी लागत होत्या. स्वतःचा सवाल मात्र त्यांना विचारता येत नव्हता, कारण पाहुणे आले की त्या नसायच्या. एका सकाळी मी नळावर असताना माझ्याजवळ आल्या. "भाऊ, माझ्या वतीने तुम्ही विचाराल?"

मी म्हटलं, "मी? माझा विश्वास नाही, तुम्हाला माहीत आहे. कोकिलाबेनला सांगा."

"कोकिलाबेन मला रडू येऊ नये म्हणून गोड करून सांगतील. साळवी भांडण मिटावं म्हणून काहीही सांगतील. तुम्ही शब्द बदलणार नाही."

"कशावरून?"

"तुमच्याकडे बदलायला दुसरे शब्द आहेत कुठे?"

यावर मी रागवायला हवं होतं. पण मी हो म्हणालो.

उत्तरायणाचा, म्हणजे संक्रांतीचा दिवस ठरला. त्या वर्षी तो रविवारीच आला होता, आणि त्या दिवशी अख्खं बडोदं पतंग घेऊन गच्चीवर असतं. खाली क्वार्टरमध्ये चिटपाखरू नव्हतं. साळवीलाही वहिनींनी कोणाची तरी मांज्याची फिरकी धरायला वर पाठवलं होतं. चष्मा माझ्या खिशात आला. मी माझ्या जागी, चौकटीला टेकून. वहिनींनी डोळे मिटले. वरून "काप्यो छे!" ची आरोळी आली, पिपाण्या वाजल्या, आणि त्या गलक्यात पाहुणे कधी आले ते मला समजलंही नाही.

"विचारावे," ते म्हणाले.

"सुरेश घरी येईल का?"

मग म्हणाले, "दिवा विझवू नये. दिवा हलवावा. हलवताना हात भाजेल, तो आपलाच."

मी म्हटलं, "हे मला नको. येईल की नाही, तेवढं सांगा."

वहिनींचं तोंड माझ्याकडे वळलं. डोळे मिटलेलेच. आणि पाहुणे अगदी हळू, घरच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "उभे राहून थकलात. आता बसावे."

मी बसलो नाही. पण माझे पाय थकले होते हे खरं. ते वर्कशॉपातल्या कोणाला कळलं नव्हतं, घरात बायकोलाही नाही.

वहिनींचा हात चाचपडू लागला. मी चष्मा दिला. "काय म्हणाले?" मी दिव्याचं सगळं सांगितलं, शब्दाला शब्द. त्यांनी परत म्हणायला लावलं. मी परत म्हटलं.

"आणि?"

"आणि काही नाही."

बसावेचं मी सांगितलं नाही. ते त्यांच्या सवालाचं उत्तर नव्हतं. ते मला म्हटलं होतं, ते माझं होतं.

"ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं?"

मला असल्या गोष्टी डोळ्यांपुढे येत नाहीत. पण त्या दिवशी आलं ते सांगितलं. "आमचा वर्कशॉपातला हातदिवा. डब्याच्या खाली काम असलं की दिवा घेऊन आपणच खाली सरपटतो. डबा काय दिव्याकडे येतो?"

वहिनी हसल्या. "हा तुमचा अर्थ झाला, भाऊ. माझा मुलगा आहे तो, रेल्वेचा डबा नव्हे." मग हसू एकदम गेलं. "सवाल माझा आणि ऐकलंत तुम्ही. जो विचारतो त्यालाच दिसतं ना. मला काहीच दिसत नाहीये." दुसऱ्यांचे अर्थ चुटकीसरशी काढणारी ती बाई समईकडे बघत बसली. मला विचारते, "हलवावा म्हणजे कुठे? आणि विझवायचा नाही म्हणजे मी बंद करायचं की नाही?" मला काय माहीत? मी म्हटलं, चहा करू का? त्या म्हणाल्या, तुम्हाला येतो का? मी म्हटलं, नाही.

पुढच्या रविवारी लोक जमले, तर साळवींच्या दाराला कुलूप. साळवी पायरीवर, हातात चेन. "नंदेसरीला गेली. सकाळच्या बसने. उंधियुं घेऊन गेली आहे पोरासाठी."

"पण आजे तो रविवार!" कोकिलाबेन म्हणाल्या. मग त्यांनी मला गाठलं. "गणपतभाई, तमे शुं कह्युं एने?"

"मी काही सांगितलं नाही. दिव्याचं सांगितलं."

"कयो दिवो?"

कयो दिवो, हेच तर मलाही कळलं नव्हतं. सगळे माझ्याकडे असे बघत होते जसं काही मीच त्यांच्या पाहुण्यांना पळवलं होतं.

त्यानंतर वहिनी दर रविवारी नंदेसरीला जाऊ लागल्या. पहिल्यांदा सुरेशने विचारलं, कशाला आलीस? तर म्हणाल्या, "बस मिळाली म्हणून." त्याने दार लावून घेतलं. शेजारच्या पोरांनी "भूवी आवी, भूवी आवी" केलं. वहिनी उंधियुं उंबऱ्यावर ठेवून परत आल्या. हे सगळं आमच्या हिला त्यांनी हसत सांगितलं. मला मात्र जिन्यात एवढंच म्हणाल्या, "भाऊ, हात भाजला."

मग कधी दार उघडलं, कधी तो जेवला, ते मला माहीत नाही. मला फक्त वास माहीत आहे. पूर्वी रविवारी संध्याकाळी वहिनी समोरून गेल्या की उदबत्तीचा वास यायचा. आता त्यांच्या साडीला कंपनीच्या आम्लाचा उग्र वास यायचा. रविवारमागून रविवार तो वास वाढत गेला, तेव्हा मी ओळखलं की आता त्या बाहेर उंबऱ्यावर बसत नाहीत, आत बसतात, त्याचे कपडे धुतात.

पाहुणे आले नाहीत. वहिनींनी बंद केलं की त्यांनीच येणं सोडलं, हे मला कळलं नाही. नंदेसरीहून परत आल्यावर त्या कधी कधी चष्मा काढून भिंतीला टेकायच्या. मी दाराशी उभा. थोड्या वेळाने स्वतःच चष्मा उचलून लावायच्या. "नाही येत. केमिकलचा वास आवडत नसेल त्यांना." एकदा मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, मी नसताना आले तर विचारा, रागावलेत का." त्या नसताना ते कसे येणार, आणि आले तर कोणाच्या तोंडाने बोलणार? पण मी हो म्हटलं.

साळवी रिटायर झाला तेव्हा सुरेशने फतेगंजकडे घर घेतलं होतं. तो स्वतः टेम्पो घेऊन आला, सामान भरलं, समईसुद्धा वर्तमानपत्रात गुंडाळून आईच्या मांडीवर दिली. भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड आलं. ते लोक रविवारी रेडिओ लावायचे.

पुढे मीही रिटायर झालो. एका संध्याकाळी प्रतापनगरच्या फाटकाबाहेर चहाच्या लारीपाशी, म्हणजे हातगाडीपाशी उभा होतो. लारीला बाक आहे. मी त्यावर बसत नाही, सवय नाही. एक स्कूटर जवळ येऊन हळू झाली. सुरेश. केस पिकायला लागलेले. मागे वहिनी, मांडीवर मेथीची पिशवी, चष्मा डोळ्यांवर.

"काका, मजामां?"

"भाऊ, गुडघे कसे आहेत? डॉक्टरला दाखवा ने जरा!" वहिनी नेहमीच्याच तऱ्हेने म्हणाल्या. मी म्हटलं, गुडघ्यांना काही झालेलं नाही. सुरेश हसला, त्याने गिअर टाकला. स्कूटर पुढे सरकली तशी वहिनींनी मान मागे वळवली. तोंडावर हसू नव्हतं. म्हणाल्या, "उभे राहून थकलात. आता बसावे."

स्कूटर फतेगंजच्या दिशेने गेली. त्यानंतर वहिनी मला दिसल्या नाहीत.

तोच आवाज होता की स्कूटरच्या आवाजात मला तसा वाटला, सांगता येत नाही. चष्मा तर डोळ्यांवर होता. ते वाक्य मी जगात कोणाला सांगितलं नव्हतं. मग उत्तरायणाच्या त्या दिवशी वहिनी घरातच होत्या का? असतील, तर दिव्याचंही त्यांनी ऐकलं होतं, मग माझ्याकडून दोनदा का म्हणवून घेतलं? की थकलेल्या म्हाताऱ्याला बघून, लहानपणी सरदारांच्या दाराशी ऐकलेलं बोलणं सहज तोंडात आलं? की पाहुणेच होते, आणि आता चष्म्यासकट यायला लागले होते? मी या प्रश्नाला सगळीकडून धडका मारल्या. कुठूनच दार उघडत नाही.

लारीवाल्याने चहा पुढे केला. बाक रिकामा होता. मी बसलो. कोणाच्या सांगण्यावरून बसलो, ते मला आजपर्यंत कळलेलं नाही.